बुरशीच्या दोन ओळी

कमलाकर बोरस्त्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, समोर बुरशीचं नाव जपूनच काढावं लागे. पिंपळगाव बसवंतला त्यांची सहा एकर द्राक्षबाग. चाळीस वर्षं या माणसाने बुरशीशी भांडण्यापलीकडे दुसरं काही केलं नाही असं त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई म्हणायच्या, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. पानावर भुरीची पांढरी पूड दिसली की अण्णांचं जेवण कमी व्हायचं. डाऊनी म्हणजे केवडा रोग आला की झोप जायची. आणि घडातला एखादा मणी कुजून त्यावर राखाडी लव धरली, की ते कुणाशी बोलायचेच नाहीत. कात्री घेऊन बागेत शिरायचे, तो मणी शोधायचे, काढायचे, बागेबाहेर नेऊन खड्ड्यात गाडायचे आणि मगच चहाला यायचे. कुजका मणी वेलीखालीच टाकणाऱ्या एका गड्याला त्यांनी भर दुपारी घरी पाठवून दिलं होतं. पुढे त्याच गड्याच्या लग्नात ते तीन दिवस राबले, तो भाग वेगळा.

या काटेकोरपणाला कारणही होतं. त्यांचा माल बावीस वर्षं इंग्लंडला जात होता. तिकडच्या दुकानदारांचे तपासनीस एकेक घड उलटसुलट करून बघत. एक डागी मणी सापडला तर अख्खा कंटेनर परत. त्यामुळे ‘इंग्लंडचा माणूस’ म्हटलं की अण्णांच्या डोळ्यांपुढे हातात भिंग घेतलेला, न हसणारा एक चेहरा यायचा.

आणि त्याच इंग्लंडमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी अक्षया राहत होती. बी.एस्सी. ॲग्री करून ती पुढच्या शिक्षणाला गेली तेव्हा अण्णांनी गावात पेढे वाटले. शिक्षण संपल्यावर परत येऊन ती बाग बघेल असा त्यांचा हिशेब. तो साफ चुकला. अक्षया वाईन करायला शिकली. दोन हंगाम फ्रान्समध्ये राबली आणि आता केंट परगण्यात, टेंटरडन गावाजवळच्या एका छोट्या वायनरीत नोकरी करत होती. अण्णांनी आयुष्यात थेंबाला स्पर्श केला नव्हता. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी फक्त एक नियम केला: आपल्यासमोर वाईनचा विषय काढायचा नाही. गेली सहा वर्षं अक्षया रोज फोन करायची, आईशी तासभर बोलायची, आणि अण्णांच्या वाट्याला ‘जेवलात का, गुडघा कसा आहे, थंडी आहे का’ एवढंच यायचं. नियम मोडायची त्यांना फार इच्छा व्हायची, पण स्वतः केलेला नियम स्वतः कसा मोडणार? ते टीव्हीचा आवाज वाढवून बसायचे.

शेवटी वैजयंतीबाईंनीच तिकिटं काढायला लावली. दोघं केंटला पोचले तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. वायनरीच्या बागेच्या कडेला अक्षयाचं दोन खोल्यांचं घर होतं. पहिल्या रात्री वरणभात, बटाट्याची भाजी आणि कुरडया असा बेत झाला. जेवता जेवता अक्षया म्हणाली, “अण्णा, उद्या माझा मोठा दिवस आहे. ॲक्चुअली, या वर्षीचा सगळ्यात मोठा.”

अण्णांचा हात नकळत वर झाला.

“बरं, वाईनचं नाही सांगत. बागेचं तर सांगू शकते ना? त्या टोकाला माझ्या दोन ओळी आहेत. माझ्या म्हणजे, आमच्या मालकीणबाई आहेत ना, जिलियन, तिने मला ट्रायलसाठी दिल्यात. तीस-तीस वेली. दोन वर्षं माझा प्रयोग फेल गेला. उद्या बारा वाजता ती येऊन बघणार. आवडलं तर ओळी माझ्याकडे राहतील. नाहीतर उपटून तिथे दुसरी व्हरायटी लावणार.”

“आत्ता कोणती आहे?”

“ऑर्टेगा.”

“रोग काय आहे त्यांच्यावर?”

अक्षयाने आईकडे बघितलं. आईने वरणाकडे. “अण्णा,” अक्षया हसू दाबत म्हणाली, “तो विषय तुम्हीच बंद केलाय.”

रोगाचा विषय आपण कधी बंद केला, हे अण्णांना कळेना. पण पोरगी काहीतरी लपवतेय एवढं मात्र त्यांनी ओळखलं, आणि त्या रात्री अंथरुणावर बराच वेळ ते छताकडे बघत पडून राहिले.

सकाळी सात वाजता अक्षया व्हॅन घेऊन निघाली. कँटरबरीजवळच्या एका ओळखीच्या माणसाकडून तिला द्राक्षं पिळायचं छोटं यंत्र आणायचं होतं. अकरापर्यंत येते म्हणाली. विमानाच्या प्रवासाने दमलेल्या वैजयंतीबाई गाढ झोपल्या होत्या. अण्णांचं शरीर अजून पिंपळगावच्या घड्याळावर चाललेलं. ते केव्हाचे उठून, आंघोळ करून, स्वेटर आणि कानटोपी घालून बसले होते. उजाडल्याबरोबर ते बाग बघायला बाहेर पडले.

धुकं इतकं दाट होतं की चार वेलींपलीकडचं दिसत नव्हतं. मोठ्या बागेची तोडणी उरकलेली होती. अण्णांनी जाता जाता तारा ओढून बघितल्या, खोडं बघितली, छाटणीवर मनातल्या मनात शेरे मारले. एकंदरीत बरं चाललंय असं त्यांचं मत झालं. मग टोकाला जाळी टाकलेल्या दोन ओळी दिसल्या. पहिल्या खांबाला पाटीच्या दगडाचा एक तुकडा टांगला होता आणि त्यावर खडूने इंग्रजीत ‘अक्षया’ लिहिलं होतं. परक्या देशात, परक्या बागेत आपल्या लेकीचं नाव! अण्णांनी ते दोनदा वाचलं. कुणी बघत नव्हतं, म्हणून पाटीवरून हातही फिरवला.

मग जाळी उचलून त्यांनी पहिला घड हातात घेतला, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

घडातले निम्मे मणी सोनेरी, चांगले. उरलेले तपकिरी-जांभळे, सुरकुतलेले, आणि त्यांच्यावर सगळीकडे ती राखाडी लव. त्यांनी दुसरा घड बघितला, तिसरा बघितला, ओळीच्या मध्यावर जाऊन बघितलं. सगळीकडे तेच. एवढी बुरशी अण्णांनी उभ्या आयुष्यात एका जागी पाहिली नव्हती. आणि बारा वाजता कोण येणार होतं? इंग्लंडचा माणूस! बाई असली म्हणून काय झालं, भिंग तर तिच्याकडेही असणारच.

पहिल्यांदा त्यांना अक्षयाचा राग आला. मग तो राग फिरून त्यांच्यावरच आला. हिला बाग कुणी शिकवली? आपणच. परकर-पोलक्यात होती तेव्हापासून कात्री हातात दिली. आणि इथे एकटी पडल्यावर, दोन वर्षं प्रयोग फसत असताना, एका शब्दाने तरी विचारलं का की बाळा, काय अडचण आहे? ती सांगायला बघत होती आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवत होतो. अण्णांना भरून आलं. पण त्यांचा स्वभाव रडत बसणाऱ्यातला नव्हता. हातात पाच तास होते आणि साठ वेली होत्या.

आधी त्यांनी फवारणीचं औषध शोधलं. ते असेल त्या शेडला कुलूप होतं. शेडच्या भिंतीवर मात्र खुंटीला बारीक टोकाची कात्री लटकत होती आणि खाली रिकाम्या बादल्या एकात एक ठेवलेल्या होत्या. अण्णांनी बाह्या वर सारल्या.

पुढचे साडेतीन तास जे काम झालं, ते बघायला कुणी हजर नव्हतं ही खेदाची गोष्ट आहे. घड डाव्या हाताच्या तळव्यावर अलगद घ्यायचा, कात्रीचं टोक आत सरकवायचं, कुजका मणी देठापाशी तोडायचा, शेजारच्या चांगल्या मण्याला ओरखडाही येऊ द्यायचा नाही. चाळीस वर्षांचा हात होता तो. एक मणी खाली पडू दिला नाही. शिवाय अण्णांची शिस्त अशी, की रोग निराळा तर बादली निराळी. राखाडी लव धरलेले, मनुक्यासारखे आकसलेले कोरडे मणी एकीकडे. फुटलेले, ओलसर, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे, ज्यांच्यावर चिलटं घोंघावत होती, ते दुसऱ्या बादलीत, वर झाकण लावून. दोन्ही रोग लेकीला शेजारी शेजारी दाखवायचे आणि फरक समजावून सांगायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. दहा वाजता धुकं विरलं, ऊन पडलं. अण्णा चक्क गुणगुणायला लागले.

पावणेअकराला ओळी लखलखीत झाल्या. घड जरा विरविरीत दिसत होते, पण डाग म्हणून औषधाला नाही. कोरड्या मण्यांच्या सहा बादल्या भरल्या, ओल्यांची एक. आता शेवटचं काम राहिलं, बागेबाहेर नेऊन गाडायचं. कंपोस्टच्या ढिगामागे त्यांना फावडं सापडलं. केंटची ती चिकणमाती फावड्याला दाद देईना. घामाघूम होऊन त्यांनी गुडघाभर खड्डा केला, पहिली बादली रिकामी केली, वर माती लोटली आणि दुसरी उचलली.

तेवढ्यात व्हॅनचा आवाज आला. मग ओळींच्या बाजूने अक्षयाची किंकाळी आली.

“अण्णा!”

अण्णांना वाटलं, पोरगी आनंदाने ओरडतेय. “इकडे आहे!” त्यांनी हाळी दिली. “काही काळजी करू नकोस! सगळं साफ केलंय! थोडं गाडायचं राहिलंय फक्त!”

अक्षया धावत आली. अण्णांच्या हातातली तिरकी केलेली बादली तिने ज्या त्वेषाने हिसकावली, तसा त्वेष अण्णांनी तिच्यात कधी पाहिला नव्हता. मग बादली पोटाशी धरून ती तिथेच ओल्या गवतात मटकन बसली.

“किती गाडलं?”

“एकच बादली झाली अजून. दम तर घेऊ दे.”

“फवारलं का काही? अण्णा, खरं सांगा, काही स्प्रे केलंत?”

“शेडला कुलूप होतं ना!”

“थँक गॉड,” अक्षया म्हणाली. “थँक गॉड फॉर दॅट कुलूप.”

आरडाओरडा ऐकून वैजयंतीबाई अंगावर शाल आणि पायांत लेकीचे बूट अशा अवतारात धावत आल्या. बादल्या, खड्डा आणि फावडं बघून त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, काय करून बसलात हे!”

“काय करून बसलो म्हणजे? सगळी बाग बुरशीने भरली होती!”

“ती बुरशी मीच धरवली होती!” अक्षयाचा आवाज चिरकला. “तीन वर्षं तिची वाट बघतेय मी! त्या बुरशीचीच तर वाईन करायची आहे!”

अण्णांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. ते आधारासाठी पत्नीकडे वळले. वैजयंतीबाई शांतपणे म्हणाल्या, “फ्रान्समध्ये सोतेर्न म्हणून भाग आहे. तिथे एक थंड पाण्याची छोटी नदी एका कोमट पाण्याच्या मोठ्या नदीला मिळते. म्हणून या दिवसांत तिथे सकाळी धुकं पडतं आणि दुपारी कडक ऊन. धुक्यात मण्यावर बुरशी धरते, उन्हात मणी वाळतो. बुरशी सालाला बारीक बारीक भोकं पाडते, त्यातून पाणी उडून जातं आणि आत राहतो तो नुसता मध. त्याची गोड वाईन होते. जगात नावाजलेली. एका वेलीमागे एक पेला, जास्त नाही.”

अडतीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला त्या बाईकडे अण्णा बघतच राहिले. “हे तुला कुणी सांगितलं?”

“सहा वर्षं रोज फोनवर ऐकतेय. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता ना, तेव्हा.”

“आणि कुठे आहे म्हणालीस हे सोतेर्न?”

“बोर्डो शहराच्या खाली.”

“बोर्डो?” अण्णांना हा अखेरचा धक्का होता. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण त्यांनी पहिल्यांदा फवारलं तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. “आपलं बोर्डो मिश्रणाचं बोर्डो? ज्यांनी साऱ्या जगाला बुरशी मारायला शिकवलं, ते लोक स्वतः बुरशी पाळतात?”

“लाडाने पाळतात,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

अण्णा पालथ्या बादलीवर बसले. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की बारा वाजता मालकीणबाई येणार, तिला दाखवायला जे होतं ते आपण कापून टाकलं, आणि त्यातलं काही पुरूनसुद्धा टाकलं. हातून चूक झाली होती आणि ती दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नव्हती. “अक्षू,” ते म्हणाले, “मी तुझं वाटोळं केलं गं.”

अक्षया बादलीत बघत होती. तिने एक मणी उचलला, चिमटीत दाबला, वास घेतला. दुसरी बादली ओढली, तिच्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचे मणी वर आणले. मग झाकणवाली उघडली, नाक मुरडून लगेच बंद केली.

“अण्णा, हे वेगळे का ठेवलेत?”

“तो निराळा रोग आहे. ओला, आंबट. एकत्र केलं की चांगलंही नासतं.” मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन ते ओशाळले. “म्हणजे, गाडायचं असलं तरी मिसळू नये.”

“आणि हे सगळे एकेक करून काढले? साठ वेलींवरचे?”

“मग काय घडच्या घड कापू? चांगल्या मण्यांनी काय पाप केलंय?”

अक्षयाला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “आई, बघतेस ना? सोतेर्नमध्ये हेच करतात. एक्झॅक्टली हेच. तयार कुजलेला मणी तेवढा काढायचा, बाकीचे वेलीवर ठेवायचे, आठवड्याने परत यायचं. मला दोन वर्षं इथे कुणी असं करणारं मिळालं नाही. गेल्या साली गावातले पाचसहा जण आले, छान लोक, पण त्यांनी सरसकट घड तोडले, ओलं-कोरडं सगळं एकत्र. सगळा रस नासला. आज मी एकटी संध्याकाळपर्यंत दहा वेलीसुद्धा केल्या नसत्या!”

“मग चांगलं झालं की वाईट?” अण्णांनी भीत भीत विचारलं.

“माहीत नाही. काही मणी अजून चारपाच दिवस राहायला हवे होते. पिळल्याशिवाय कळणार नाही. आणि जिलियनला सगळं वेलीवर बघायचं होतं.” तिने घड्याळ बघितलं. “अण्णा, ती येईल आता. मी सांगते की पहिली तोडणी आम्ही ठरवून आज केली. तुम्ही काहीही बोलू नका. प्लीज.”

जिलियन बारालाच आली. सत्तरीची उंच, सडपातळ बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात भिंगबिंग काही नाही. तिने अण्णा-वैजयंतीबाईंना मान लववून नमस्कार केला आणि सरळ ओळींत शिरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक घड बघत गेली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“तोडणी कुणी केली?” तिने विचारलं.

“आम्ही,” अक्षया म्हणाली, “म्हणजे, माझा प्लॅन असा होता की...”

अण्णांचं इंग्रजी यथातथाच, पण एवढं त्यांना समजलं. पोरगी आपल्यासाठी खोटं बोलतेय. तपासनीसासमोर आपल्या मालाचा दोष त्यांनी बावीस वर्षांत कधी झाकला नव्हता, आणि आता लेकीला झाकायला लावणं त्यांच्याने होईना. ते पुढे झाले.

“मॅडम,” ते म्हणाले, “मी फादर. माय मिस्टेक. आय थिंक, डिसीज. आय कट ऑल. शी नॉट नो, शी नॉट हिअर. शी गुड फार्मर.” मग त्यांनी फावड्याकडे बोट दाखवलं. “वन बकेट, आय बरी.”

अक्षयाने डोळे मिटले. वैजयंतीबाईंनी शालीचा पदर तोंडावर धरला. जिलियन ढिगामागे गेली, ताज्या मातीचा उंचवटा बघितला, सगळ्या बादल्यांपुढे एकेक करून वाकली, झाकण उघडून पुन्हा लावलं. या सगळ्याला दोन मिनिटं लागली असतील. अण्णांना अख्खा हंगाम गेल्यासारखं वाटलं.

“ठीक आहे,” ती उठून म्हणाली, “पिळून तर बघू.”

यंत्र व्हॅनमधून उतरवलं. मणी आत गेले, दांडा फिरू लागला, आणि बराच वेळ काही आलंच नाही. मग तोटीतून एक सोनेरी धार लागली. धार कसली, काकवीची तार म्हणावी अशी, सावकाश, न तुटता खाली येणारी. अण्णांना राहवेना. द्राक्ष बागायतदाराच्या खिशात साखर मोजायचं ब्रिक्स मीटर असतंच, ते विमानातूनही आलं होतं. त्यांनी काचेवर थेंब टाकला, मीटर डोळ्याला लावून उजेडाकडे धरलं. त्यांच्या निर्यातीच्या मालाची रेघ अठरावर यायची. इथे रेघ दिसेचना. त्यांनी काच पुसली, दुसरा थेंब टाकला, मीटर झटकलं.

“बिघडलंय,” ते म्हणाले.

“अण्णा, बत्तीसपर्यंतच आकडे आहेत त्याच्यावर.” अक्षयाने आपलं डिजिटल मीटर धरलं. “एकोणचाळीस.”

हा आकडा तिने पुन्हा एकदा, इंग्रजीत, मोठ्याने म्हटला. जिलियनने धारेखाली बोट धरलं, चाटलं, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. तिने कपात थोडा रस धरून अण्णांपुढे केला. हा द्राक्षाचा रसच होता, वाईन झाली नव्हती, त्यामुळे अण्णांनी घेतला. एवढं गोड द्राक्ष त्यांनी चाळीस वर्षांत पिकवलं नव्हतं. आणि नुसतं गोड नव्हतं, मागून एक आंबटसर झाक येत होती, जर्दाळूची, संत्र्याच्या सालीची. त्यांनी बादलीतल्या त्या राखाडी, केसाळ मण्यांकडे बघितलं, परत कपाकडे बघितलं.

“दोन वर्षं,” जिलियन अक्षयाला म्हणाली, “मी कोर्स केलेल्या माणसांना कानीकपाळी ओरडून सांगतेय की एकेक मणी निवडून काढा. तुझ्या वडिलांना कुणी न सांगता जमलं. कारण चुकीचं होतं, पण काम इतकं बरोबर मी फ्रान्सबाहेर पाहिलेलं नाही. ओळी तुझ्याकडे राहतील. फक्त एक अट आहे. वेलीवर जे उरलंय त्याची दुसरी तोडणीही यांनीच करायची.”

अक्षयाने भाषांतर केलं. अण्णांचं परतीचं तिकीट एकोणीस दिवसांनंतरचं होतं. त्यांनी एकदम होकार दिला नाही. “बादली पुरली त्याचं काय?” त्यांनी विचारलं.

“ती तुमची फी,” जिलियन म्हणाली.

दुपारी तिने आपल्या तळघरातून खऱ्या सोतेर्नची एक जुनी बाटली आणली. वाईन मुरून तिचा रंग तुपात परतलेल्या रव्यासारखा झाला होता. वैजयंतीबाईंनी ‘बघू तरी’ म्हणत एक घोट घेतला, मग आणखी एक, आणि पेला संपल्यावर पुन्हा पुढे केला. अण्णा घेणार नव्हते, त्यांनी घेतलीही नाही. पण पेला नाकाशी धरून बराच वेळ बसले. “केशर,” ते म्हणाले. “मध, आणि केशर. यात केशर घालतात?”

“काही घालत नाहीत अण्णा. ते बुरशीमुळे येतं.”

अण्णांनी पेला खाली ठेवला. “मला सगळं सांग,” ते म्हणाले. “फ्रान्सला गेलीस तिथपासून. काही गाळू नकोस.”

अक्षया सांगत बसली ती दिवेलागणीपर्यंत. वैजयंतीबाईंना सगळं पाठ होतं, त्या मधूनमधून राहिलेलं भरत होत्या.

पुढचे दहा दिवस अण्णांचा एकच उद्योग. सकाळी उठून खिडकीचा पडदा सारायचा आणि धुकं आहे का बघायचं. नसलं तर चहा कडू लागायचा. पिंपळगावहून धाकट्या भावाचा, माधवरावांचा, फोन आला, काय चाललंय म्हणून. “काही नाही रे, धुक्याची वाट बघतोय,” अण्णा म्हणाले. धुक्याच्या नुसत्या भीतीने रात्र रात्र जागणारा आपला भाऊ तिकडच्या थंडीने बिथरला, अशी माधवरावांची खात्री झाली, आणि त्यांनी संध्याकाळी वैजयंतीबाईंना वेगळा फोन करून औषधगोळ्या वेळेवर चालू आहेत ना, याची चौकशी केली.

अकराव्या दिवशी धुकं पडलं, आणि मागोमाग तीन दिवस लख्ख ऊन. चौथ्या सकाळी बापलेक दोघं कात्र्या आणि बादल्या घेऊन ओळींत उतरले. एका बाजूने अण्णा, दुसऱ्या बाजूने अक्षया, मध्ये वेल. हात चालू होते, तोंडंही चालू होती. सहा वर्षांचं बोलणं साचलं होतं. राखाडी लवेचा मणी दिसला की अण्णा तो उचलून उजेडात फिरवून बघायचे, सालाला बोट लावायचे, आणि पसंत पडला तरच देठाला कात्री लावायचे.

ओळीच्या मध्यावर अक्षया थांबली. एका घडातले मणी तिला ठरवता येईनात. जांभळे पडले होते, लव नुकतीच धरू लागली होती. तिने फ्रान्समध्ये दोन हंगाम काढले होते, पुस्तकं वाचली होती, तरी तिने घड वेलीआडून अण्णांपुढे केला.

“अण्णा, हे घेऊ का?”

अण्णांनी चष्मा वर सारला. घड तळव्यावर घेतला, फुंकर घालून दव उडवलं, वाकून नीट बघितलं आणि हलक्या हाताने परत पानाआड सोडला.

“राहू दे गं,” ते म्हणाले. “अजून नीट कुजला नाही.”